विठाबाईंचे बाळंतपण आणि आपली टाळी

प्रसिद्ध माणसाचे खाजगी आयुष्य किती उघडे करावे, याची चर्चा आपल्याकडे नट, क्रिकेटपटू आणि पुढारी यांच्याभोवती फिरते. त्या चर्चेत एक गोष्ट गृहीत असते : प्रत्येकाला घर आहे, घराला दार आहे आणि ते कोणीतरी ढकलले आहे. ज्यांना दारच मिळाले नाही त्यांचे काय? वाड्याला देवडी होती, माजघर होते. वस्तीतल्या बाईने लुगड्याचा आडोसा करून अंघोळ केली. खाजगीपण हेही या समाजात एक वतनच आहे. तमाशातल्या बाईच्या वाट्याला ते कधी आले नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचेच पाहा. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाले. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. परंतु गावोगाव त्या माहीत आहेत त्या एका कथेमुळे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांना हे कळले तेव्हा त्यांनीच हात जोडून त्यांना विश्रांती घ्यायला सांगितले, असा शेवट अनेक जण करतात.

ही कथा व्याख्यानांतून सांगितली जाते, आपल्या मेळाव्यांतूनही सांगितली जाते, आणि टाळी पडते. प्रतिष्ठित घरच्या एखाद्या गायिकेचे बाळंतपण असे मंचावरून सांगितलेले मी कधी ऐकले नाही. तिचा चरित्रकार 'कन्यारत्न झाले' एवढे लिहून पुढे जातो. विठाबाईंची मात्र नाळसुद्धा सार्वजनिक मालमत्ता झाली. आणि कथेच्या शेवटी मोठेपणा कोणाला मिळतो? प्रेक्षकांना. बाळंतिणीला रजा देण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्याकडे होता, हे कोणाला खटकत नाही.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझी आई ऊसतोडीला जात असे. माझा धाकटा भाऊ कारखान्याच्या तळावर, कोपीत जन्मला. चौथ्या दिवशी आई मोळ्या बांधायला उभी राहिली, कारण मुकादमाची उचल फिटायची होती. तिच्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. तमाशातही उचल असते, सुपारी घेतलेली असते आणि खेळ मोडला तर पोट मोडते. उसाचा फड आणि तमाशाचा फड, शब्दसुद्धा एकच आहे. म्हणून विठाबाईंची ही कथा मला कलानिष्ठेची वाटत नाही. सुटी नसलेल्या कष्टकरी बाईची ती कथा आहे. तिच्यातले शोषण झाकले, की उरतो तो चमत्कार. चमत्काराला नमस्कार केला, की जबाबदारी संपते. अखेरच्या आजारपणात त्यांच्या रुग्णालयाच्या खर्चासाठी देणग्यांचा आधार घ्यावा लागला, हे मात्र टाळी वाजवणाऱ्यांना आठवत नाही.

काळ बदलला, नजर बदलली नाही. २०२३ साली नृत्यांगना गौतमी पाटील कपडे बदलत असताना कोणीतरी चोरून चित्रण केले आणि ते मोबाईलवरून राज्यभर फिरले. त्याच वर्षी, तिने पाटील हे आडनाव लावू नये, अशी मागणी काही मंडळींनी जाहीरपणे केली. विठाबाईंच्या नावातच जात होती, ती कोणालाही खटकली नाही. येथे मात्र आडनावाने मंडळींची झोप उडाली. बाईने बोर्डावर कोणते नाव घेऊन उभे राहावे, हेही बघ्यांनीच ठरवायचे! खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तो कनातीच्या आत अजून पोचायचा आहे.

यावर कोणी म्हणेल, दलित आत्मकथनांनी तरी काय केले? १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा, घरचे वेशीवर टांगले, असा आक्षेप आपल्यांतूनही आला होता. पण तेथे दार लेखकाने स्वतः उघडले. काय दाखवायचे, काय झाकायचे, हे त्याने ठरवले, आणि दाखवले ते व्यवस्थेला जाब विचारण्यासाठी. आत्मकथन आणि डोकावणे यांत हाच फरक आहे : किल्ली कोणाच्या हातात आहे?

तेव्हा विठाबाईंची कथा सांगू नये, असे माझे म्हणणे नाही. सांगताना उचल सांगा, सुपारी सांगा, अखेरच्या आजारातल्या देणग्या सांगा. त्यांच्या गळ्याविषयी, अदाकारीविषयी, फड चालवण्याच्या कर्तबगारीविषयी बोला. आणि आज जिल्ह्यातल्या कला केंद्रांत नाचणाऱ्या मुलींना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का, बाळंतपणाची पगारी रजा आहे का, हे जाऊन विचारा. टाळी त्यानंतर वाजवू.