शिल्लक कामाचा आलेख आणि कोशकार्य

वाघोलीहून पुण्याकडे येताना नगर रस्त्यावर प्रथम खराडीच्या संगणक-कंपन्या लागतात आणि पुढे येरवड्यास डेक्कन कॉलेज. संगणक-व्यवसायात प्रगती मोजण्याचे एक साधन रूढ आहे, ते म्हणजे ‘बर्नडाउन चार्ट’. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर शिल्लक काम. रेषेने उतरत जाऊन मुदतीच्या दिवशी शून्यास टेकावे, ही अपेक्षा. हे साधन दीर्घ संशोधनकार्यास लावता येईल काय, हा येथे विचाराचा विषय आहे.

त्याचा गुण आधी मान्य केला पाहिजे. काटेकोरपणे वापरल्यास अर्धवट काम ते जमेस धरीत नाही. मराठीतील ‘होत आले आहे’ हा प्रयोग पूर्णतेचा भास निर्माण करतो आणि बोलणाऱ्यास कशानेही बांधीत नाही. (प्रबंधलेखक विद्यार्थ्यांस तो विशेष प्रिय!) ह्या आलेखात त्यास थारा नाही.

परंतु ‘शिल्लक’ ठरवावयाचे कशावरून? डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे कार्य सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द टिपण्यात १९७३ पर्यंतची पंचवीस वर्षे गेली; चिठ्ठ्या सुमारे एक कोटी जमल्या. ग्रंथ हे एकक धरले असते, तर रेषा १९७३ मध्येच शून्यास टेकली असती. आणि कोशाचा पहिला भाग निघण्यास अद्याप तीन वर्षे होती! उलट, वर्ण हे एकक धरावे, तर तीसहून अधिक भाग निघाल्यावरही कोश ‘अ’पाशीच होता, म्हणजे रेषा हललीच नाही. वस्तुतः नकारार्थी ‘अ-’ आणि ‘अति’, ‘अधि’, ‘अनु’, ‘अप’, ‘अभि’, ‘अव’ हे उपसर्ग ह्याच वर्णाखाली येतात. त्याचा भार इतर वर्णांच्या बरोबरीचा कसा मानावा?

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. रेषा आडवी राहिली, तर काम थांबले की कामाची व्याप्ती वाढली, हे तिच्यावरून कळत नाही. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा १८७९ चा करार दहा वर्षांच्या अंदाजाने झाला; १८८४ मध्ये पहिला भाग ‘अँट’ ह्या शब्दापर्यंत पोहोचला आणि पूर्तता १९२८ साली झाली. त्या संपादकांस आळशी कोण म्हणेल? अनुदान देणाऱ्यापुढे केवळ उतरती रेषा ठेवली, तर मात्र तो तसे म्हणू शकेल.

म्हणून झालेले काम आणि एकूण काम ह्यांच्या दोन स्वतंत्र रेषा दाखविणारा ‘बर्नअप चार्ट’ कोशकार्यास अधिक न्याय देतो. पंधरवड्यात तपासावयाच्या चिठ्ठ्यांच्या एखाद्या गठ्ठ्यास जुना आलेख पुरेसा आहे. त्या आधीच मोजलेल्या असतात.