उमलत्या मेंदूची कैफियत

सारा-जेन ब्लेकमोर या ब्रिटिश मेंदूशास्त्रज्ञ विदुषींच्या ‘इन्व्हेंटिंग अवरसेल्व्हज’ या इंग्रजी पुस्तकास २०१८ साली रॉयल सोसायटीचे विज्ञानग्रंथ पारितोषिक लाभले. कुमारवयीन मेंदू सदोष असतो, हा समज लेखिकेने साधार खोडून काढला आहे. या वयात मेंदूची फेररचना चालू असते. पेशींमधील वापराविना पडलेले जोड गळतात, वापरातले बळकट होतात. संयम आणि परिणामांचा विचार यांत मोठा वाटा असलेला कपाळामागचा भाग विशीतही घडतच राहतो.

एका प्रयोगाने आम्हांस अंतर्मुख केले. संगणकावरील चेंडूफेकीच्या खेळात इतर खेळाडू आपणांस वगळीत आहेत असे भासताच, प्रौढ स्त्रियांपेक्षा कुमारवयीन मुलींचे मन अधिक खचले.

यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष शिक्षकांना बोचेल. वर्गासमोर गुण वाचून दाखविणे, उभे करून हिणविणे, यास आपण शिस्त म्हणतो. सवंगड्यांची नजर ज्या वयात सर्वाधिक जड वाटते, त्याच वयात हे घडते. मग धडा मागे पडतो आणि लाज तेवढी मनात राहते.

लेखिका बेताने दावे करतात, हे पुस्तकाचे भूषण होय. मात्र बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य प्रयोगशाळांतील आहेत. आजी-आजोबांच्या, चुलत भावंडांच्या घरात वाढणारे मूल त्यांत क्वचितच भेटते. तेवढे ध्यानी ठेवून पालकांनी व शिक्षकांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. मुलांना रागवावे लागतेच. ते एकांतात रागवावे आणि कौतुक चारचौघांत करावे.