भिंत कुणाची? ‘वाडा चिरेबंदी’ आणि करारातलं एक कलम

नागपुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीवर शेड लावायला सोसायटीनं नकार दिला. पत्रात कारण एकच : इमारतीच्या एलिव्हेशनला बाधा येते. आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं. “एलिव्हेशन म्हणजे काय रे?” बिल्डिंग बाहेरून जशी दिसते ते, मी म्हटलं. “अन् पाणी आत येते ते नाही दिसत काय त्यायले?” असं म्हणून ती पुन्हा बाल्कनी पुसायला लागली.

आई मोहाडीहून आली त्याला चार वर्षं झाली. त्याच आठवड्यात मी महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा वाचायला घेतलं होतं, आणि या वेळी ते वेगळंच वाचलं गेलं.

हे नाटक १९८५ सालचं. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, वडील तात्याजी नुकतेच गेलेले, मुंबईहून मधला सुधीर बायकोसह आलेला. सरंजामी एकत्र कुटुंबाचा ऱ्हास, असंच त्याच्याबद्दल आपण शिकतो. ते चूक नाही. पण वाडा खचत चाललाय हे दिसत असताना त्याला हात कुणी लावायचा, हा साधा प्रश्न त्या वाचनात मागे पडतो. तात्याजी होते तोवर एका माणसाच्या शब्दावर घर चालायचं. ते गेल्यावर थोरला भास्कर घरात आहे, पण वाडा त्याच्या एकट्याचा नाही. सुधीरचा हक्क आहे, पण राहायचंय त्याला मुंबईत. प्रभा आणि चंदू याच घरात राहतात, पण त्यांचं मत विचारतो कोण? भिंत सगळ्यांची, म्हणून दुरुस्ती कुणाचीच नाही. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टरही तसाच. वहिनी रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालते, त्या दृश्याबद्दल सगळेच लिहितात. मला मात्र या वेळी सोन्यापेक्षा चिऱ्यांची काळजी वाटत राहिली. चिरेबंदी म्हणजे घडीव दगडांत बांधलेलं, पक्कं. नावातला हा उपरोध मी पहिल्यांदा वाचताना सरळ ओलांडून गेलो होतो.

आता दुसरा मजकूर. फ्लॅट घेताना आपण ज्यावर न वाचता सह्या करतो, तो. महाराष्ट्रात १९६३च्या मालकी हक्क सदनिका कायद्याखाली कराराचा एक नमुना आला आणि २०१७ पासून रेराच्या नियमांतला. दोन्हींत अशी अट आहे की खरेदीदारानं इमारतीचं एलिव्हेशन आणि बाहेरची रंगसंगती बदलायची नाही. पुढे सोसायटीचे आदर्श उपविधी लागू होतात : समितीची लेखी परवानगी आधी घेतल्याशिवाय सदनिकेत भर घालायची नाही, फेरबदल करायचा नाही. नियम खुळचट नाहीत. कुणी स्लॅबला भोकं पाडून जाळीचा पिंजरा टांगतो आणि खालच्याच्या छताला ओल येते. आग लागली तर त्याच जाळीतून बाहेर पडता येत नाही.

माझी तक्रार या मजकुराच्या भाषेबद्दल आहे. त्यात सदस्य जागोजागी नकारार्थी क्रियापदाला बांधलेला आहे : करणार नाही, बदलणार नाही. इमारतीला दर्शनी बाजू आहे, पण तिच्या आत कुणी उभं आहे याची खूण या कलमात नाही. आणि ‘एलिव्हेशन’ हा शब्द कारण असल्यासारखा वापरला जातो, पण तो कारण नव्हे, नुसती दिशा आहे : समोरून.

मोहाडीत आमचं घर तीन भावांत वाटलेलं. एकच लांब छपरी आणि समोरून तीन रंग : मोठेबाबांचा निळा, आमचा पिवळट, काकांचा गुलाबी. असं घर तुम्हीही कुठल्या ना कुठल्या गावात पाहिलं असेल. मोहाडीत आता नगरपंचायत आहे, पण रंग, गिलावा, कवेलू फेरणं असल्या कामांना विकास नियंत्रण नियमांत परवानगी लागत नाही. परवानगी लागायची ती मोठेबाबांची. बाबांना कवेलू काढून पत्रे टाकायचे होते. मोठेबाबांनी अकरा पावसाळे नाही म्हटलं. कारण : पत्र्याचं पाणी जोरात येते आणि माझ्या अंगणात पडते. भांडणं झाली, एक दिवाळी बोलणं बंद होतं. शेवटी गवंडी म्हणाला, पन्हाळ लावून पाणी नालीत सोडू. दोन दिवसांत काम झालं.

मोठेबाबांचा नकार जाचक होता, यात मला शंका नाही. वाटण्या झालेल्या घरात थोरल्याचा शब्द किती चालतो आणि त्यात बायकांना कुणी विचारत नाही, हे आईनं पुरेपूर भोगलंय. तरी त्या नकाराला उत्तर देता येत होतं. तो पाण्याबद्दल होता, म्हणून त्यावर पन्हाळ हा उपाय निघाला. एलिव्हेशनला पन्हाळ कुठून लावणार?

याच जागी मला एलकुंचवारांशी भांडावंसं वाटतं. त्यांच्या रंगमंचावर सगळी माणसं देशपांडेच आहेत. दादीपासून परागपर्यंत, सगळं घरातलं. वाडा ढासळतोय, पण गवंडी एकदाही आत येत नाही. चिरे ज्याच्या हातांनी बसले आणि ज्याच्या हातांनी पुन्हा बसतील, त्याला पात्रयादीत जागाच नाही. ही नाटकाची उणीव म्हणू की त्याची अट? गवंडी आला असता तर पन्हाळीची गोष्ट निघाली असती आणि शोकांतिका थोडी सैल झाली असती. देशपांड्यांना घर पडलेलं परवडतं, पण बाहेरच्या माणसासमोर ते पडतंय हे कबूल करणं परवडत नाही. तेवढ्यापुरती आमच्या सोसायटीची समिती आणि देशपांडे एकाच घराण्यातले वाटतात.

मी समितीला नवा अर्ज लिहिलाय. बाधा नेमकी कशी येते ते लेखी विचारलंय, शेडचा रंग आणि माप समितीनंच ठरवावं असंही म्हटलंय. सोबत फोटो जोडायचा होता, म्हणून मोबाइल घेऊन खाली रस्त्यावर निघालो. आईनं दारातच थांबवलं. “तिथून काय दिसते? इथून काढ.” बाल्कनीत घोट्याएवढं पाणी होतं.