शोधयंत्रातील क्रम आणि नवागत मराठी संकेतस्थळ

नवे संकेतस्थळ शोधयंत्राच्या पहिल्या पानावर का येत नाही, या प्रश्नास ‘ते नवे आहे म्हणून’ असे उत्तर देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हे उत्तर नव्हे. प्रश्नाचीच ती पुनरुक्ती होय. वय हे येथे लक्षण आहे, कारण नव्हे.

सर्गेइ ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडलेली क्रमनिश्चितीची पद्धत मूलतः विद्वानांच्या परिचयाची आहे. कोणी कोणाचा हवाला दिला, यावरून लेखनाचे वजन ठरवावे, ही यूजीन गारफील्ड यांच्या १९६४ च्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’मागील दृष्टीच तीत दिसते; हवाला देणारा स्वतः वजनदार असल्यास त्याचा शब्द अधिक जड, एवढी भर तीत पडली. आज अन्य अनेक निकष लावले जातात, तरी दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही. नवागतास वाचक नाही म्हणून हवाला नाही, आणि हवाला नाही म्हणून वाचक नाही. वैज्ञानिकांच्या कीर्तीविषयी रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली ‘मॅथ्यू परिणाम’ या नावाने जे सांगितले, ते याच जातीचे.

इथवरचे विवेचन कोणत्याही भाषेस लागू पडेल. मराठीचे दुखणे याहून निराळे असून ते भाषाभ्यासकाच्या कक्षेत येते. उपरोक्त पद्धतीत दुवा ज्या शब्दांवर दिलेला असतो, ते शब्द लक्ष्य-पानाचे वर्णन मानले जातात. बोरिवलीच्या एखाद्या अभ्यासकाने साष्टीतील ईस्ट इंडियन समाजाच्या बोलीचा शब्दसंग्रह नव्याने प्रसिद्ध केला, असे समजू. त्याची दखल घेणारा मराठी लेखक पुष्कळदा ‘अधिक माहितीसाठी येथे टिचकी मारा’ एवढेच लिहितो. दुवा पडला तो ‘येथे’ या शब्दावर! दर्शक क्रियाविशेषणास अर्थ लाभतो तो संदर्भाने. संदर्भापासून तोडले की ते पोकळ. बोलीचे नाव, प्रदेश, समाज यांपैकी काहीही त्या दुव्यातून यंत्राच्या पदरी पडत नाही. (आपल्या समीक्षेतील ‘एका टीकाकाराने म्हटले आहे’ ही सवयही याच कुळातील.)

त्यात रूपांचा विखुरलेपणा. ‘कुर्ला’ हे नाव ‘कुर्ल्यात’ या रूपात अक्षरशः उरत नाही. ‘मुलुंडात’ की ‘मुलुंडमध्ये’, हे बोलणाऱ्यागणिक बदलते. ‘बोरिवली’ व ‘बोरीवली’ ही दोन्ही लेखने रूढ आहेत. रूढ शब्दांबाबत यंत्रे असे भेद आता बऱ्याच अंशी मिटवितात, हे मान्य केले पाहिजे. क्वचित् आढळणाऱ्या बोलीशब्दाबाबत मात्र तसे करण्यास लागणारा लिखित पुरावाच अपुरा असतो.

या पार्श्वभूमीवर ‘शोधात सापडत नाही, अर्थात् प्रचारात नाही’ हे विद्यार्थ्यांच्या निबंधांतून डोकावणारे अनुमान तपासावे. शब्दसंग्रह मागे पडला म्हणून त्यातील शब्द शोधात आला नाही. आणि तो आला नाही, एवढ्यावरून तो शब्द लुप्त झाल्याची नोंद प्रबंधिकेत झाली. अंधेरीच्या मरोळ गावठाणात तो कदाचित् रोज उच्चारला जात असेल. तेथे जाऊन कोणी विचारलेले नसते.