सुंदर आहे, पण पुढे काय?

फ्रॅक्टल कलेची खरी अडचण ही, की त्यात कुरूप चित्र काढणं अवघड आहे.

थट्टा करत नाहीये. अपोफिसिस हे जुनं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर नुसतं उघडलं, तरी ते आपणहून 'फ्लेम' प्रकारच्या चित्रांची लांबलचक यादी तयार करून ठेवतं. आकडे त्याचे, आकारही त्याचे. तुम्ही अजून काहीच केलेलं नसतं, आणि त्यातली बरीचशी चित्रं फोनच्या वॉलपेपरवर सहज खपून जातील. पेन्सिल धरणाऱ्याला पहिली काही वर्षं स्वतःच्या वाकड्या रेषा सोसाव्या लागतात. इथे पहिल्याच संध्याकाळी 'वा!' मिळतं. मग काही महिन्यांनी एक विचित्र थकवा येतो. प्रत्येक चित्र वेगळं, आणि तरी सगळी सारखीच.

लहानपणीचा शोभादर्शक आठवा. फिरवला की नवी नक्षी, आणि प्रत्येक नक्षी देखणी. पण त्यातली एक तरी आज आठवते का? मी फ्रॅक्टल चित्रं करतो, त्याहून जास्त बघतो, आणि माझं मत असं झालंय की यातली बहुतेक कला अजून शोभादर्शकातच अडकून बसली आहे. सूत्रं कमी पडतात म्हणून नव्हे, निवड कमी पडते म्हणून.

'फ्रॅक्टल' हा शब्द बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ साली घडवला. त्यांच्या नावाच्या प्रसिद्ध संचाचं सूत्र पोस्टाच्या तिकिटावर मावेल: एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात एक ठरावीक संख्या मिळवा, आणि येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच. (संख्या संमिश्र असतात, म्हणून तर सपाट चित्र मिळतं.) काही बिंदूंचं उत्तर कायम आटोक्यात राहतं, ते काळे. काहींचं हाताबाहेर पळतं. त्यांना, किती पायऱ्यांत पळालं त्यावरून रंग.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सूत्र फक्त पायऱ्यांचा आकडा देतं. चाळिसाव्या पायरीला जांभळा द्यायचा की राखाडी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १९८० साली आयबीएममध्ये मँडेलब्रॉट यांच्यासमोर छापून आलेल्या आकृत्या काळ्या-पांढऱ्याच होत्या. आज जो विजेरी निळा आणि भगभगीत नारिंगी आपल्याला 'फ्रॅक्टलचा रंग' वाटतो, तो गणितातून आलेला नाही. तो कुणीतरी निवडला आणि पुढच्यांनी बदलला नाही. शिळेपणा तिथूनच सुरू होतो.

झूम व्हिडिओंबद्दल तर माझी उघड तक्रार आहे. संचाच्या एका भागाला सीहॉर्स व्हॅली म्हणतात. शेपट्या वळलेल्या समुद्रघोड्यांची रांगच रांग. अतिशय देखणी जागा, आणि म्हणूनच तिथे डिसेंबरातल्या गोव्याच्या किनाऱ्यासारखी गर्दी. प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा खोल जायचं असतं. पण खोल गेल्यावर मूळ संचाची छोटी आवृत्ती पुन्हा भेटते, मग आणखी एक, मग आणखी. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. दहाव्यांदा आपण व्हिडिओ पुढे ढकलतो. सतत पळणाऱ्या कॅमेऱ्यामुळे चित्रकाराचं एक महत्त्वाचं काम टळतं: कुठेतरी थांबून 'हेच' म्हणणं.

स्कॉट ड्रेव्ह्स यांचं काम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. फ्लेमची पद्धत त्यांनी १९९२ साली शोधली. पडद्यावरच्या एका जागी किती वेळा बिंदू पडला, त्याचा लॉगरिदम घेऊन ते उजेड ठरवतात. म्हणून ती चित्रं धुरासारखी, मलमलीसारखी दिसतात. पुढे १९९९ मध्ये त्यांनी 'इलेक्ट्रिक शीप' हा स्क्रीनसेव्हर काढला. जगभरचे रिकामे कॉम्प्युटर मिळून हलती फ्लेम चित्रं रंगवत, बघणारे बटण दाबून मत देत, आणि लोकप्रिय 'मेंढ्या' जास्त जगत, त्यांना पिल्लं होत. कल्पना झकास. तरी ड्रेव्ह्स यांनाच आढळलं ते असं, की यंत्राची उत्क्रांती मुख्यतः माणसांनी हाताने रचून पाठवलेल्या मेंढ्यांची कल्पकता वाढवून दाखवत होती. माझ्या वादाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

केरी मिचेल यांनी १९९९ मध्येच फ्रॅक्टल कलेचा जाहीरनामा लिहिला. सगळं कॉम्प्युटर करत नाही, हे योगायोगाचं काम नव्हे, कॉम्प्युटर असलेल्या कुणालाही ते चांगलं जमेल असं नाही, असं त्यात ठणकावलंय. पटतं. पण सूर बचावाचा आहे. मेहनत सिद्ध केल्याने चित्र चांगलं होत नाही. (आज एआय चित्रांवरून चाललेलं भांडण वाचताना मला हाच जाहीरनामा आठवतो. फ्रॅक्टलवाले ते पाव शतक आधी भांडून बसले आहेत.)

मग ताजेपणा कुठून आणायचा? नवं सूत्र, नवं प्लगइन हा उपाय जेमतेम एक आठवडा पुरतो. रोज यमन गाणारा नवा राग मागत बसत नाही. मी महिनाभर एकच सूत्र घेतो आणि दोनच रंग. सर्पिलाचा मध्य मुद्दाम चौकटीबाहेर ठेवतो, कारण तो आत आला की डोळा तिथेच जाऊन बसतो आणि बाकीचं चित्र बघतच नाही. सममिती दिसली की अर्धी कापतो. बरीच चित्रं मरतात यात. उरतात त्यांच्याकडे मात्र दुसऱ्या दिवशीही बघता येतं.

आणि काही वेळा ताजेपणा गरजेतून येतो. २००९ मध्ये डॅनियल व्हाइट आणि पॉल नायलँडर यांनी मँडेलबल्ब हा त्रिमितीय आकार घडवला, आणि सिनेमावाल्यांचं लक्ष तिकडे वळलं. २०१७ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'च्या दुसऱ्या भागात ईगोचा महाल फ्रॅक्टल नक्षीने मढवलेला आहे. श्रीमंत लग्नाचा मांडवच. बघितला, विसरलो. २०१८ च्या 'अॅनायहिलेशन'मध्ये मात्र शेवटी दीपगृहाखालच्या खोलीत मँडेलबल्बसारखं काहीतरी उमलत राहतं. त्याला चेहरा नाही, आत-बाहेर नाही, ते किती मोठं आहे हे कळायला मार्ग नाही. तेच गणित. पण नताली पोर्टमन त्याच्यासमोर उभी असते, आणि ते सुंदर आहे की नाही हा प्रश्न आपल्याला त्या क्षणी पडतच नाही.