राजाला साजेशी, घरात रुजलेली

सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या दरबारासाठी राजा रविवर्म्यांकडून १४ पौराणिक चित्रे करवून घेतली. आम्हां बडोदेकरांना त्यांचा अभिमान. शालूची झळाळी, कांतीवरचा उजेड खरोखर राजाला साजेसा; पात्रांचे उभे राहणे मात्र मला थोडे नाटकी वाटते.

पुढे १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवता घरोघरी पोचल्या. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी त्याच वळणाची. छपाईत रंग भडक झाले, बारकावे हरवले, ही जाणकारांची तक्रार खरी आहे. पण समईच्या काजळीने काळवंडलेल्या त्या तसबिरीला आजी रोज हळदकुंकू वाही. दरबारातल्या मूळ चित्रांच्या वाट्याला कौतुक आले. हा मान नाही.