‘पाठलाग’ : स्मृतीचा पुरावा आणि ओळखीचा प्रश्न

रहस्यपटाचा विचार करताना रहस्य शेवटपर्यंत किती कौशल्याने राखले, एवढ्यावरच आपली समीक्षा बहुधा थांबते. राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटास हा निकष अपुरा आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला असून, १९६६ साली राज खोसला यांनी त्याच कथेवर ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट काढला.

पत्नीच्या मृत्यूने शोकमग्न झालेल्या एका वकिलापुढे पोलिसांनी पकडलेली स्त्री येते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. रूप तेच, वाणी तीच. इतकेच नव्हे, तर दोघांवाचून कोणास ठाऊक नसावेत असे सहजीवनातील प्रसंगही ती कथन करते. तरीही पतीचा विश्वास बसत नाही. स्मृती येथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी आहे. आणि ती जितकी अचूक, तितकी अधिक संशयास्पद ठरते.

नोंद आणि स्मृती यांचा असा विरोध लोकजीवनातही आढळतो. घोडेगाव हे ज्या तालुक्याचे मुख्य ठिकाण, त्या तालुक्याला नाव देणारे आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. दप्तरात नाव टिकले. गाव मात्र तेथे नांदलेल्यांच्या आठवणीतच राहिले. ‘पाठलाग’मध्ये याच्या उलट घडते : जगाच्या लेखी जी मृत, ती आठवणींच्या बळावर आपले जिवंतपण सिद्ध करू पाहते.

अखेर जुळ्या बहिणीचा उलगडा होऊन कोडे सुटते. काशिनाथ घाणेकर आणि दुहेरी भूमिकेतील भावना यांच्यामुळे हा शेवट परिणामकारक होतो, यात शंका नाही. परंतु या उलगड्याने न्यायालयाचे समाधान झाले, तरी मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. पुरावा मिळेपर्यंत पतीला पत्नी ओळखता का आली नाही? कथानकाने घटनेचे कारण दिले. नात्यातील या अपयशाकडे मात्र पाठ फिरवली. चित्रपटाची खरी मर्यादा हीच होय.

ती मर्यादा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाशेजारी ठेवली असता स्पष्ट होते. तेथे डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेल्या वृद्ध संस्कृत पंडिताची स्मृतीच लोपत चालली आहे. तो स्वतःविषयी कोणतीही साक्ष देऊ शकत नाही. तथापि त्याची कन्या त्याचा शोध घेते, आणि एका माहुताची पत्नी त्या अनोळखी वृद्धाला लेकराप्रमाणे सांभाळते. तेथे रहस्य नाही, खटला नाही. पण माणसाची ओळख त्याच्या आठवणींवर अवलंबून नसून, त्याला आपले मानणाऱ्यांवर अवलंबून असते, हे सत्य प्रकट होते.

‘पाठलाग’ने हा प्रश्न रहस्यकथेच्या चौकटीत अर्ध्या शतकापूर्वीच उभा केला, हे त्याचे श्रेय. त्याचे उत्तर त्याने जुळ्या बहिणीवर सोपवले, ही त्याची उणीव. समीक्षकाने दोहोंचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.